औषधांनी दूषित झालेले पाणी व सूर्यप्रकाशाचा उपयोग

औषधाच्या दुकानातून आणलेली पातळ औषधाची बाटली पुष्कळदा तपकिरी काचेची असते आणि तिजवर ‘प्रकाशापासून दूर ठेवावे’ अशी सूचना छापलेली असते. ही सूचना आपण वाचतो आणि विसरतो. तिचा अर्थ असा की, बाटलीतील द्रव्य उजेडात, विशेषतः उन्हात, टिकत नाही. त्याची घडण मोडते व औषधाचा गुण नाहीसा होतो. औषध घेणाराच्या दृष्टीने हा दोष होय. परंतु तेच औषध जनावराच्या मूत्रावाटे, घराच्या सांडपाण्यावाटे किंवा कारखान्याच्या नळावाटे वहाळात आणि विहिरीत उतरले, म्हणजे हाच दोष आपल्या कामी येऊ शकतो. तो कोठे कामी येतो, कोठे येत नाही, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील शेतकऱ्यास त्याचा काय उपयोग करून घेता येईल, हे येथे सांगावयाचे आहे.

औषधे पाण्यात कशी येतात

गाईची कास सुजली, म्हणजे तिला जंतुनाशक औषध टोचतात. हे औषध सर्वच्या सर्व शरीरात खर्च होते असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. ऑक्सिटेट्रासायक्लिनसारख्या औषधाचा मोठा भाग मूळ स्वरूपातच शेण व मूत्र यांतून बाहेर पडतो. माणसांच्या औषधांचीही तीच गत आहे. गोठा धुतलेले पाणी आणि शौचकूपाच्या टाकीतून झिरपणारे पाणी यांतून ही द्रव्ये जमिनीत जातात. आपल्याकडील जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळे असे पाणी ठिकठिकाणी फार गाळले न जाता, भोकांभोकांतून वाट काढीत खालच्या अंगाच्या विहिरीस जाऊन मिळते. घर, गोठा व विहीर एकाच परड्यात असण्याची कोकणातील रीत सोयीची खरी, पण या बाबतीत ती धोक्याची आहे.

दुसरी वाट कारखान्यांची. खेड तालुक्यातील लोटे परशुराम येथील औद्योगिक वसाहतीत रसायने व औषधी द्रव्ये यांचे कारखाने आहेत. तेथील सांडपाणी सामुदायिक शुद्धीकरण केंद्रातून प्रक्रिया होऊन नळाने दाभोळच्या खाडीत सोडले जाते. मासळी मेल्याच्या तक्रारी या खाडीकाठच्या मासेमारांनी अनेकदा केल्या आहेत. औषध कारखान्यांचे पाणी काय करू शकते याचे ठळक उदाहरण आंध्र प्रदेशातील, म्हणजे आजच्या तेलंगणातील, पाटणचेरू येथे सापडले. तेथील शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे जंतुनाशक दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत होते, असे स्वीडिश संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केले. रोग्यास हे औषध दिल्यावर त्याच्या रक्तात ते जितके आढळते, त्याहून हे प्रमाण अधिक होते. आणि ही मोजणी प्रक्रिया झालेल्या पाण्याची होती, हे ध्यानात घ्यावे.

विहिरीत किंवा वहाळात जे उतरते ते याच्या मानाने अगदी अल्प असते. एवढ्याशा औषधाने कोणी तत्काळ आजारी पडत नाही. म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. अपाय निराळ्या रीतीने होतो. पाण्यातील व मातीतील जंतूंना जंतुनाशकाचा सतत थोडथोडा स्पर्श होत राहिला, म्हणजे त्यांतील नाजूक जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. पुढे गावात माणूस वा जनावर खरोखर आजारी पडते, तेव्हा तेच औषध लागू पडेनासे होते. अल्प प्रमाणातील औषध किती दूरवर घात करते याची साक्ष गिधाडांनी दिली आहे. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक मृत जनावराच्या मांसात राहून गिधाडांच्या मूत्रपिंडांचा नाश करते, हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली भारत सरकारने जनावरांकरिता त्याच्या वापरास बंदी केली. तोवर देशातील बहुतेक गिधाडे नाहीशी झाली होती. तेथे वाट पाण्याची नव्हती, मांसाची होती. पण औषध जेथे जावयास नको तेथे गेले, हा प्रकार एकच.

ऊन औषधास कसे मोडते

पांढऱ्या कपड्यावरील हळदीचा डाग साबणाने जात नाही, परंतु तो कपडा उन्हात वाळत घातला म्हणजे फिका पडतो, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. येथे हळद धुऊन जात नाही. प्रकाश तिचा रंगकण फोडतो. पाण्यातील कित्येक औषधांच्या बाबतीत हेच घडते. सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात (जुन्या पुस्तकांत त्यांस जंबुपार किरण म्हटलेले आढळेल). जमिनीवर पोचणाऱ्या सौरशक्तीपैकी त्यांचा वाटा शेकडा सुमारे ५ इतकाच असतो, पण मोडतोडीचे काम मुख्यतः तेच करतात. औषधाच्या कणाने हा किरण शोषला, म्हणजे त्या कणातील बंध तुटू शकतात. दुसरा प्रकार आडवाटेचा आहे. पाण्यात विरघळलेले नायट्रेट किंवा कुजलेल्या पालापाचोळ्याचा अर्क हे प्रकाश शोषून अत्यंत क्रियाशील असे अल्पजीवी कण निर्माण करतात आणि ते जवळच्या औषधावर तुटून पडतात. जे औषध स्वतः किरण शोषीत नाही, त्याचेही या वाटेने काही अंशी विघटन होते.

स्वित्झर्लंडमधील ग्राइफेन नावाच्या सरोवराचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. नद्यांवाटे या सरोवरात येणाऱ्या डायक्लोफेनॅकपैकी शेकडा ९० हून अधिक भाग सरोवरातच नाहीसा होतो, आणि याचे मुख्य कारण सूर्यप्रकाश, असे त्यात दिसून आले. स्वच्छ पाण्यात मिसळून उन्हात ठेवले असता हे औषध तासाच्या आत निम्मे होते. निम्मे होण्यास एक तास लागतो असे धरले, तर दोन तासांनी पाव, तीन तासांनी दोन आणे व पाच तासांनी बत्तिसावा हिस्सा शिल्लक राहील. पूर्ण शून्य मात्र या हिशेबाने कधीच होत नाही.

सर्व औषधे अशी हळवी नाहीत. टेट्रासायक्लिन व सिप्रोफ्लॉक्सॅसिन उन्हात लवकर मोडतात. फेफऱ्यावर दिले जाणारे कार्बामाझेपिन फार चिवट असून पाण्यात दीर्घकाळ टिकून राहते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन सूर्याचे किरण जवळजवळ शोषीतच नाही. त्याचा समाचार जिवाणूच घेतात. सबब ‘उन्हाने औषधे जातात’ असे सरसकट विधान कोणी केल्यास कोणती औषधे, असा प्रश्न अवश्य विचारावा.

आणखी एक सावधगिरीची गोष्ट. औषध मोडणे म्हणजे ते निर्विष होणे नव्हे. डायक्लोफेनॅक उन्हात मोडत असता मधल्या टप्प्यात अशी काही द्रव्ये तयार होतात की, ती पाण्यातील शेवाळास मूळ औषधापेक्षाही अधिक अपायकारक ठरतात, असे जर्मनीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. अर्धवट ऊन देऊन पाणी वापरावयास घेणे म्हणूनच बरे नव्हे.

किरण किती खोल जातात

शेतकरी बंधूंनी ध्यानात ठेवावयाची मुख्य गोष्ट हीच. ऊन पाण्याच्या पृष्ठभागावर पडते. तळाशी ते पोचेलच असे नाही. स्वच्छ, नितळ पाण्यात अतिनील किरण बरेच खोल जातात. गढूळ, शेवाळलेल्या अथवा शेणाने पिवळट झालेल्या पाण्यात ते काही बोटांतच संपतात. याचा अर्थ, पुरुषभर खोल खड्ड्यात साठविलेले गोठ्याचे पाणी महिनाभर उन्हाखाली राहिले तरी तळच्या पाण्यास अंधारच असतो. नागपूर येथे १९५८ साली स्थापन झालेल्या आणि आज नीरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने सांडपाण्याच्या शुद्धीकरण तलावांचा अभ्यास केला आहे. असे तलाव सामान्यतः एक ते दीड मीटर खोल असतात. घाण कुजवून निवळण्याचे काम ते जिवाणू व शेवाळ यांच्या साह्याने उत्तम करतात. औषधांचा विचार करून ती खोली ठरविलेली नाही, हे मात्र स्पष्ट आहे.

ही गोष्ट तोंडाने सांगून पटत नाही. ग्राम कार्यकर्त्यांनी ती शाळेच्या अंगणात करून दाखवावी. जुन्या पांढऱ्या सुती कापडाच्या चार पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवाव्यात. एक पट्टी पांढऱ्या परातीत दोन बोटे स्वच्छ पाण्याखाली दगडाने दाबून उन्हात ठेवावी. दुसरी तशाच परातीत तितक्याच पाण्याखाली, पण गोठ्याच्या गढूळ पाण्यात ठेवावी. तिसरी खोल बादलीच्या तळाशी, बादली गढूळ पाण्याने काठोकाठ भरून ठेवावी. चौथी पहिलीप्रमाणेच स्वच्छ पाण्यात, परंतु घरात सावलीस ठेवावी. सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत वेळ द्यावा आणि नंतर चारही पट्ट्या धुऊन शेजारी शेजारी मांडाव्यात. पाण्यानेच किती रंग सुटला हे चौथी पट्टी सांगते. तिच्याहून जी जितकी फिकी, तितके उनाचे काम. हा प्रयोग उजेडाचा आहे, औषधाचा नव्हे, हेही त्याच वेळी सांगावे. नाही तर परातीत ठेवलेले पाणी औषधमुक्त झाले असा समज गावभर पसरावयाचा.

रत्नागिरीचे ऊन

रत्नागिरी १७ अक्षांशावर असल्यामुळे मेच्या पहिल्या पंधरवड्यात भर मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो व सावली पायाखाली जाते. ऑगस्टच्या आरंभी तो पुन्हा डोक्यावर येतो, परंतु तेव्हा तो ढगांआड असतो आणि आपण लावणी आटोपून बेणणीत गुंतलेले असतो. तात्पर्य, ऑक्टोबरअखेरपासून मेअखेरपर्यंतचे सात महिने उन्हाचा हा उपयोग करून घेता येईल. जून ते सप्टेंबरमध्ये तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, वहाळ लाल होऊन वाहतात, आणि सूर्याकडून काही अपेक्षा करणे व्यर्थ होय. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचा पूर चिपळूणच्या बाजारपेठेत शिरला. अशा पुरात दुकानांतील नाना द्रव्ये पाण्यात मिसळतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत ऊन नसते.

गोठ्याच्या सांडपाण्याकरिता उन्हाचे खाचर

उन्हापूर्वी एक काम आहे, आणि लेखकाच्या मते खाचराहून त्याचे महत्त्व अधिक. जनावरास औषध चालू असता व नंतर पशुवैद्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत काढलेले दूध विकू नये हे सर्वांस ठाऊक आहे. पण ते गटारात किंवा वहाळात ओतले जाते, हेही तितकेच खरे. तसे करू नये व ते वासरासही पाजू नये. असे दूध, त्या जनावराचे शेण आणि खालची ओली गवताळ विहिरीपासून दूर असलेल्या कंपोस्टच्या खड्ड्यात घालून वर पालापाचोळा टाकावा. खड्डा नीट तापला, तर टेट्रासायक्लिन जातीच्या औषधांचा बराच मोठा भाग तेथेच मोडतो. ढीग हाताला कढत लागला पाहिजे. थंड पडलेल्या उकिरड्याचा यास उपयोग नाही.

राहिले गोठा धुतलेले पाणी. दोन जनावरांच्या गोठ्यात दररोज सुमारे ८० लिटर पाणी निघते असे धरू. प्रथम ते लहानशा गाळकुंडात घ्यावे, म्हणजे शेणाचा चोथा खाली बसेल. निवळलेले पाणी तीन मीटर लांब व दोन मीटर रुंद अशा उथळ खाचरात सोडावे. अशी दोन खाचरे शेजारी शेजारी करावीत. एकात तीन दिवस पाणी घेतले, तर २४० लिटर पाणी जमते आणि त्याची खोली ४ सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन बोटे होते. मग पाणी दुसऱ्या खाचरात वळवावे व पहिल्यास तीन दिवस ऊन द्यावे. सहाव्या दिवसाअखेर खाचर रिकामे करून एकदा सुकू द्यावे. हा क्रम चुकवू नये. कारण साचलेल्या पाण्यात आठवड्या-दीड आठवड्यात डासांची एक पिढी तयार होते, आणि औषध घालविण्याच्या नादात गावात हिवताप आणणे परवडणारे नाही.

खाचराची जागा विहिरीच्या खालच्या अंगास, झाडांच्या सावलीबाहेर असावी. आंबा-फणसाच्या छायेत केलेल्या खाचरास ऊनच मिळणार नाही. कातळावर किंवा जांभ्यावर तळ नुसता ठेवल्यास पाणी झिरपून जाईल आणि सर्वच खटाटोप फुकट जाईल; म्हणून शेततळ्यास वापरतात तसला प्लास्टिकचा जाड कागद तळाशी व बांधावर अंथरावा. भोवती कुंपण घालावे, जेणेकरून गुरे व कोंबड्या ते पाणी पिणार नाहीत. उरलेले पाणी माडांच्या आळ्यांत किंवा चाऱ्याच्या गवतास द्यावे. मुळा, माठ अशा भाज्यांस देऊ नये. तळाशी सुकलेली खपली खरवडून कंपोस्टमध्ये टाकावी. पाऊस सुरू होण्यापूर्वी कागद काढून, धुऊन, घडी करून माळ्यावर ठेवावा.

गोठ्याचे पाणी कितीही निवळले तरी पिवळट राहतेच, त्यामुळे ग्राइफेन सरोवरातील नितळ पाण्याइतके काम येथे होणार नाही. तथापि तेच पाणी आज सरळ विहिरीकडे झिरपते, त्याच्या मानाने ही स्थिती पुष्कळ बरी.

पिण्याच्या पाण्याविषयी

स्वच्छ पाणी पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत भरून सहा तास कडक उन्हात ठेवले असता त्यातील रोगजंतू मरतात. बैरूत येथील संशोधकांनी सुरू केलेली व स्वित्झर्लंडमधील संस्थेने पुढे प्रचारात आणलेली ही रीत खरी व उपयुक्त आहे. परंतु ती जंतूंकरिता आहे. औषधे काढून टाकण्याचा भरवसा ती देत नाही. पाणी उकळल्यानेही औषधे जात नाहीत; पाणी आटते आणि औषध होते तेवढेच राहते. तुरटीने गढूळपणा जातो, विरघळलेले औषध बहुधा तसेच राहते. विहिरीबद्दल संशय असल्यास पिण्यासाठी दुसरे पाणी घ्यावे, हाच सरळ मार्ग. उत्तेजित कोळशाच्या गाळणीत पुष्कळशी औषधे अडकतात, मात्र कोळसा वेळेवर बदलला पाहिजे.

काळी वाळू व टायटॅनियम

उन्हाचे काम जलद व्हावे म्हणून शास्त्रज्ञ त्यास उत्प्रेरकाची जोड देतात. पांढऱ्या रंगात वापरले जाणारे टायटॅनियम डायऑक्साइड हा त्यांपैकी प्रसिद्ध उत्प्रेरक होय. प्रकाश पडला असता हे द्रव्य पाण्याचेही विघटन घडविते, हे फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ साली दाखविले. तेव्हापासून दूषित पाण्यावर त्याचे असंख्य प्रयोग झाले आहेत. दुसरी रीत लोहाचे क्षार व हायड्रोजन पेरॉक्साइड यांची. स्पेनमधील अल्मेरिया येथील सौर संशोधन केंद्रात आरशांनी ऊन नळ्यांवर एकवटून, तसेच वीतभरही खोल नसलेल्या वाहत्या चरांतून, या रीतीने औषधे मोडण्याचे काम चालते. तेथेही अगोदर नेहमीचे शुद्धीकरण करतात आणि शेवटी उरलेल्या थोड्या औषधांवरच उन्हाचा प्रयोग करतात.

मिऱ्या, काळबादेवी, मालगुंड येथील किनाऱ्यावर जी काळी, जड वाळू दिसते तीत इल्मेनाइट हे टायटॅनियमचे खनिज आहे. ही गोष्ट ऐकून कोणी ती वाळू टाकीत पसरील, म्हणून सांगणे अवश्य आहे की, खनिज म्हणजे उत्प्रेरक नव्हे. कारखान्यात रासायनिक क्रिया करून इल्मेनाइटातील लोह वेगळे काढल्यावरच ते पांढरे द्रव्य मिळते. रंगाची पूड पाण्यात टाकणेही तितकेच चुकीचे; ती पाण्यातून परत काढणे कठीण असते.

खाडी व वहाळाच्या पाण्याचा नमुना

कारखान्याच्या पाण्यावर खाडीत ऊन पडते, मग ते आपोआप शुद्ध होत नाही काय, असा प्रश्न चिपळूण-खेडकडील शेतकरी करू शकेल. भरती-ओहोटीने खाडीचे पाणी सतत ढवळून गढूळ होते, कारखान्याचे पाणी पुष्कळदा रंगीत असते, आणि नळातून औषध रोज नव्याने येत राहिले तर मोडलेल्याची जागा लगेच भरून निघते. खाडीस हे काम सोपविता येत नाही. पाणी बाहेर पडण्यापूर्वीच ते झाले पाहिजे.

पाण्याचा रंग, वास वा मासळी यांवरून संशय आल्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चिपळूण येथील कार्यालयास ग्रामपंचायतीमार्फत लेखी कळवावे. तारीख, वेळ, भरती होती की ओहोटी आणि नेमकी जागा लिहावी. गावच्या विहिरीची जी नेहमीची पाणी-तपासणी होते तीत औषधे तपासली जात नाहीत, म्हणून ‘औषधी द्रव्यांची तपासणी व्हावी’ असे स्पष्ट मागावे. नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या तपकिरी काचेच्या बाटलीतच घ्यावा. साध्या पांढऱ्या बाटलीत भरून मोटारसायकलच्या हँडलला लटकवून नेलेल्या नमुन्यातील औषध वाटेतच उन्हाने मोडते, आणि पाणी निर्दोष असल्याचा दाखला मिळतो. उथळ वहाळातील नमुना शक्य तर सूर्य वर येण्यापूर्वी काढावा, बाटली काठोकाठ भरावी, काळ्या कापडात गुंडाळून बर्फात ठेवावी आणि त्याच दिवशी पोचती करावी.